घरची गाडी बंद पडते आणि लायसनची टेस्ट तीन आठवड्यांवर

प्रश्न थोडक्यात असा: वय त्रेचाळीस, राहायला कोथरूडला. ड्रायव्हिंग क्लास पूर्ण झाला. क्लासच्या गाडीत सगळं जमत होतं, पण घरची गाडी घेतली की सिग्नलला बंद पडते, चढावर मागे घरंगळते आणि मागच्याने हॉर्न मारला की हातपाय गळतात. यजमान शेजारी बसले की चुका वाढतात. पक्क्या लायसनची टेस्ट तीन आठवड्यांवर आली आहे. एजंट म्हणतो, "तुम्ही नुसत्या या, बाकी मी बघतो." आता या वयात जमेल का, आणि तयारी कशी करायची?

वयाचं आधी उरकते. मी पुण्यात वीसेक वर्षं गाडी शिकवते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका चाळिशी ओलांडलेल्याच असतात. कागदावर वयाचा फरक पडतो तो इतकाच, की चाळिशीनंतर डॉक्टरांच्या सहीचा नमुना १-अ लागतो. तो तुम्ही लर्निंगच्या वेळी दिलाच असेल. कॉलेजातल्या पोरीला क्लच दोन दिवसांत जमतो, तुम्हाला आठवडा लागेल. पण ती पोरगी तिसऱ्या दिवशी एका हाताने स्टिअरिंग धरायला लागते आणि तुम्ही आरशात बघायला विसरत नाही. शिकवणारी म्हणून मला कोण जास्त आवडत असेल, ते तुम्हीच ओळखा.

खरी अडचण वेगळी आहे. क्लासची गाडी तुम्ही एकटीने चालवलेलीच नाही. क्लासच्या चारचाकीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच-ब्रेक असावेत, असं केंद्रीय मोटार वाहन नियमच सांगतात, आणि ते योग्यच आहे, नाहीतर आम्ही शिकवणारे म्हातारे व्हायच्या आधीच संपलो असतो. पण याचा एक तोटा होतो. तुमचा पाय क्लचवरून झटकन उठला की आमचा पाय आपोआप खाली जातो. गाडी बंद पडत नाही, तुम्हाला वाटतं जमलं. चढावर गाडी सुटणार तोच आमचा ब्रेक लागलेला असतो. वीस दिवस हे असंच चाललं, की शिकणारीला स्टिअरिंग येतं, गिअर टाकता येतात, पण डावा पाय कोराच राहतो. घरच्या गाडीत शेजारी पेडल नसतात, म्हणून तिथं सगळं उघडं पडतं.

क्लासचा एखादा तास शिल्लक असेल, तर शिकवणाऱ्याला स्पष्ट सांगा की आज तुमचे पाय सीटखाली घ्या. तेवढ्या एका तासात तुम्हाला कळेल की आपण नेमक्या कुठे आहोत.

पुढच्या तीन आठवड्यांत मला तुमच्याकडून एकच गोष्ट करून घ्यायची आहे: गाडी हळू चालवता येणं. पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, किंवा त्याहूनही हळू, आणि तरी बंद न पाडता. लोक वेगाला घाबरतात, पण तिसऱ्या गिअरमध्ये मोकळ्या रस्त्यावर गाडी कुणालाही चालवता येते. लायसनच्या टेस्टमध्ये जे काही विचारतात, म्हणजे आठ काढणं, चढावर थांबून निघणं, मागे घेऊन चौकटीत लावणं, ते सगळं हळू गाडीचंच काम आहे. आणि संध्याकाळी कर्वे रस्त्यावरून घरी येणं हेसुद्धा.

सुरुवात सीटपासून करा. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल तर सीट पुढे घ्या. पाठ टेकलेली असताना हात लांब केले, की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. उंची कमी असेल तर सीट वर करा, त्याची खटकी नसेल तर घट्ट उशी घ्या, लाजू नका. बॉनेट दिसत नसताना गाडी शिकणं म्हणजे उगाच अवघड करून घेणं. पायात पातळ, सपाट तळव्याचे बूट घाला. चप्पल पेडलखाली अडकते आणि जाड तळव्याच्या बुटातून क्लच कुठे धरतो ते पायाला कळत नाही.

आता सपाट, मोकळी जागा बघा. सोसायटीचं रिकामं पार्किंग, सकाळी लवकर एखादं मैदान. गाडी सुरू, पहिला गिअर, हँडब्रेक खाली, उजवा पाय ब्रेकवर. ऐक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. डावी टाच जमिनीला टेकवून क्लच अगदी सावकाश सोडत या. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो, स्टिअरिंगमध्ये हलकी थरथर येते आणि गाडी पुढे जायला बघते. तिथं पाय धरून ठेवायचा. याला आपण हाफ क्लच म्हणतो. ब्रेक सोडला की गाडी स्वतःच रांगायला लागेल. दोन-तीन फूट जाऊ द्या, क्लच दाबा, ब्रेक दाबा, थांबा. परत. पाय दुखेपर्यंत हेच करा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण हे एक नीट बसलं की तुमच्या प्रश्नातल्या निम्म्या तक्रारी जातात.

प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या ठिकाणी धरतो. क्लासची गाडी दिवसभर शिकाऊ पायांखाली असते, तिची प्लेट झिजलेली, क्लच बऱ्याचदा अगदी वर धरतो. तुमची घरची गाडी कमी चाललेली असेल तर ती खालीच धरत असेल. तुमचा पाय क्लासच्या सवयीने भराभर वर येतो आणि गाडी तोवर गचका देऊन बंद पडलेली असते. त्यात तुमचं काही बिघडलेलं नाही, आणि गाडीचंही नाही. घरची गाडी डिझेल असेल तर ती नुसत्या हाफ क्लचवर दमदार निघेल. छोटी पेट्रोल असेल आणि एसी चालू असेल, तर निघताना किंचित रेस द्यावी लागेल. मात्र हाफ क्लचवर मिनिटभर गाडी तोलून धरायची सवय लावू नका. जळका वास यायला लागला की समजा, क्लच प्लेटचं बिल वाढतंय. सिग्नलला न्यूट्रल आणि ब्रेक, एवढंच.

बंद पडली तर काय करायचं, हेही घोकून ठेवा, म्हणजे त्या वेळी डोकं चालवावं लागत नाही. ब्रेक दाबायचा, क्लच दाबायचा, न्यूट्रल, चढ असेल तर हँडब्रेक, मग सुरू. हॉर्न वाजवणारा वाजवत राहतो, तो उतरून येत नाही. मी माझ्या विद्यार्थिनींना मैदानात मुद्दाम गाडी बंद पाडायला लावते आणि मागून तोंडाने हॉर्न वाजवते. हसायला येतं, पण हसत हसत सुरू केलेली गाडी सिग्नललाही सुरू होते.

चढाचं प्रकरण जरा सविस्तर सांगते, कारण इथे सगळ्यात जास्त घबराट असते आणि सगळ्यात जास्त गैरसमजही. पुष्कळ जणींना वाटतं की टेस्टमध्ये चढावर हँडब्रेक वापरला की मार्क जातात, खरा ड्रायव्हर पायावरच गाडी धरतो. साफ चूक. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १५ ही टेस्ट कशी घ्यायची ते सांगतो. त्यात लिहिलंय की तीव्र चढावर गाडी थांबवून, हँडब्रेकचा किंवा ऐक्सिलरेटर आणि पायातल्या ब्रेकचा योग्य वापर करून, मागे अजिबात न घरंगळता पुन्हा निघता आलं पाहिजे. हँडब्रेकचं नाव तर आधी आहे. तेव्हा खुशाल वापरा.

रीत अशी. चढावर थांबलात की हँडब्रेक पूर्ण ओढा. पहिला गिअर. उजवा पाय ब्रेकवरून काढून ऐक्सिलरेटरवर, थोडी जास्त रेस, आवाज एकसारखा ठेवा. क्लच सोडत हाफ क्लचवर आणा. आता बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं होईल आणि आवाज दबेल. गाडी म्हणतेय, मला सोडा. तरीही एक क्षण थांबा आणि मग हँडब्रेक खाली करा. दोन्ही पाय जिथे आहेत तिथेच. गाडी पुढेच जाईल. चूक होते ती एकच: हँडब्रेक सोडायच्या घाईत डावा पायही सुटतो. म्हणून पहिले काही दिवस तोंडाने म्हणा, "पाय तिथेच, हात खाली."

सराव कुठे? एकदम चांदणी चौकात नको. सोसायटीच्या बेसमेंटमधून वर येणारा रॅम्प सकाळी रिकामा असतो, तो बरा. तिथं मागे कुणी नाही ना, हे बघायला शेजारचा माणूस खाली उतरून उभा करा. रॅम्पवर सलग दहा वेळा मागे न जाता निघालात की मग एखादा उड्डाणपूल, तोही सकाळचा. नव्या गाड्यांना चढावर ब्रेक दोनेक सेकंद धरून ठेवायची सोय असते. असेल तर चांगलंच आहे, पण शिकताना तिच्या भरवशावर राहू नका, टेस्टला दुसरी गाडी मिळाली तर पंचाईत होईल.

टेस्टच्या ट्रॅककडे येते. पुण्यातली चारचाकीची टेस्ट नाशिक फाट्याजवळच्या आयडीटीआरच्या, म्हणजे चालक प्रशिक्षण आणि संशोधन संस्थेच्या, ट्रॅकवर होते. तरी स्लॉटच्या पावतीवरचं ठिकाण आणि वेळ वाचून घ्या आणि जमलं तर एखाद्या दिवशी नुसतं जाऊन या. बाहेरून चार गाड्या बघितल्या तरी अर्धी भीती जाते. आठ काढताना बहुतेक जण बॉनेटकडे किंवा जवळच्या कडेकडे बघत बसतात आणि चाक नेमकं तिथंच जातं. जिथे जायचंय तिथे, म्हणजे वळणाच्या पलीकडे बघा, हात आपोआप तेवढेच फिरतात. पहिल्याच गिअरमध्ये, हवं तिथं हाफ क्लचने वेग तोडत. आठच्या मध्यावर स्टिअरिंग एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यायचं असतं. ते उशिरा केलं तर दुसरं वर्तुळ फुगतं, म्हणून मध्य यायच्या किंचित आधी सुरुवात करा.

मागे घेण्याबद्दल माझं आमच्याच धंद्याशी भांडण आहे. कित्येक क्लासमध्ये खुणा शिकवतात: दुसरा खांब मागच्या खिडकीच्या कोपऱ्यात आला की पूर्ण उजवीकडे, अमुक दिसलं की दीड वेढा डावीकडे. त्या गाडीत, त्या ट्रॅकवर, त्या सीटच्या उंचीवर हे चालतं. खांब हातभर सरकवला की संपलं. त्यापेक्षा दोन गोष्टी समजून घ्या. रिव्हर्समध्ये स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवाल, गाडीचं शेपूट त्याच बाजूला जातं. आणि शेपूट आत जात असताना नाक दुसऱ्या बाजूने बाहेर फिरतं, त्यामुळे बघायचं फक्त मागे नसतं, पुढचा कोपराही बघायचा असतो. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या चार कोपऱ्यांना उभ्या करून गाडीपेक्षा दोनेक फूट रुंद चौकट करा आणि त्यात मागे घाला. कळेनासं झालं की थांबा. थांबून स्टिअरिंग फिरवण्यात कमीपणा नाही. चालत्या गाडीत गोंधळून चाक फिरवणं मात्र बाटली पाडतं.

निरीक्षक साहेब काय बघतात, असं सगळ्या विचारतात. नियम १५ ची यादी आरसा नीट लावण्यापासून सुरू होते आणि इंजिन सुरू करण्याआधीची काळजी दुसऱ्या क्रमांकावर आहे. म्हणजे गाडी हलायच्या आधीच तुमची टेस्ट सुरू झालेली असते. बसल्यावर सीट, आरसे, पट्टा, न्यूट्रल बघणं, मग सुरू. निघताना आरसा, इंडिकेटर, उजव्या खांद्यावरून एक नजर. आरसा इंडिकेटरच्या आधी, नंतर नाही, आणि मान जरा हलू द्या. नुसते डोळे फिरवले तर शेजारच्याला कसं कळणार तुम्ही बघितलंत ते? वळून झाल्यावर इंडिकेटर बंद. वरचे गिअर टाकणं, गर्दी दिसली की पटकन खालच्या गिअरला येणं, उतारावर खालचा गिअर घेणं हेही त्याच यादीत आहे. हाताच्या खुणाही येऊ द्यात: उजवीकडे, डावीकडे, थांबतेय, वेग कमी करतेय, पुढे जा. आजकाल कुणी वापरत नाही, पण इंडिकेटर गेला तर त्याच उरतात, आणि टेस्टला विचारल्या तर तोंडात मारल्यासारखं व्हायला नको.

इथे लर्निंगच्या परीक्षेबद्दल बोलायलाच हवं. ती पंधरा प्रश्नांची, नऊ बरोबर आले की पास. महाराष्ट्रात २०२१ पासून आधारच्या आधारे घरबसल्या देता येते. सोय उत्तम आहे, पण घरोघरी काय होतं ते मला माहीत आहे: आई सोफ्यावर आणि माउस मुलाच्या हातात. तुमची कुणी दिली हे मी विचारत नाही. पण मुलाने दिली असेल, तर आता तरी स्वतः बसा, कारण रस्त्यावर मुलगा शेजारी नसतो. पाट्यांचा आकार आधी ओळखा. गोल पाटी हुकूम देते, त्रिकोणी सावध करते, चौकोनी माहिती देते. अष्टकोनी म्हणजे पूर्ण थांबा, उलटा त्रिकोण म्हणजे दुसऱ्याला वाट द्या. गोल चौकात आधीपासून आत असलेल्या गाडीचा पहिला हक्क. आपल्याकडे घुसेल त्याचा हक्क चालतो, ते सोडा. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. त्याचं कारण आता तुम्हाला सांगायला नको, चढावर थांबून पुन्हा निघणं काय असतं ते तुम्ही या आठवड्यात शिकताय. आणि अंतर: साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. पुढच्याचा लाल दिवा दिसून तुमचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत तेवढं अंतर सहज संपतं, गाडी थांबायला लागतं ते वेगळंच. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की त्याच खांबापर्यंत पोहोचायला तुम्हाला निदान दोन सेकंद लागले पाहिजेत. पावसात तेच दुप्पट धरा.

एजंटचं काय? लायसनच्या सरकारी सारथी पोर्टलवर अर्ज भरणं, कागद चढवणं, स्लॉट घेणं हे ज्याला जमत नाही त्याने कुणाला पैसे देऊन करून घेतलं तर त्यात वाईट काही नाही. पण "बाकी मी बघतो" यातलं बाकी म्हणजे टेस्ट. ती त्याने बघितली तर तुमचा डावा पाय पुन्हा कोराच राहणार, फक्त आता खिशात लायसन असेल आणि शेजारी पेडलवाला नसेल. मला तर यापेक्षा नापास होणं स्वस्त वाटतं. टेस्टची फी ३०० रुपये. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते, तेवढीच फी भरून. फक्त सलग तीनदा नापास झाल्यावर ६० दिवस थांबावं लागतं.

म्हणून तारखांचं गणित आजच करा. लर्निंग सहा महिने चालतं आणि ते निघाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्यासाठी जाता येतं. तुमची तीन आठवड्यांनंतरची तारीख लर्निंगच्या पाचव्या महिन्याच्या आत पडत असेल तर निर्धास्त राहा, एकदा नापास झालात तरी दुसरी संधी मुदतीत बसते. अगदी शेवटच्या पंधरवड्यात पडत असेल तर स्लॉट आधीचा मिळतो का बघा, नाहीतर लर्निंगच पुन्हा काढायची वेळ येते.

टेस्टच टाळायचा एक सरळ मार्गही आहे, तो एजंटने तुम्हाला सांगितला नसेल. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रातून हलक्या वाहनाचा कोर्स पूर्ण केला आणि तिथली परीक्षा पास झालात, तर आरटीओच्या टेस्टमधून सूट मिळते. हा नियम १ जुलै २०२१ पासून आहे. कोर्स २९ तासांचा, जास्तीत जास्त चार आठवड्यांत पुरा करायचा, त्यातले २१ तास प्रत्यक्ष गाडीवर आणि ८ तास वर्गात. नेहमीच्या गल्लीतल्या क्लासच्या दाखल्यावर ही सूट नाही, कुणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आता त्या २१ तासांशी तुमचा क्लास ताडून बघा. वीस दिवस, रोज अर्धा तास, म्हणजे दहा तास. त्यातही वाटेत दुसऱ्या विद्यार्थ्याला घ्यायला-सोडायला गेलेली मिनिटं आलीच. मग गाडी बंद पडते यात नवल काय? उरलेले दहा-अकरा तास तुम्हाला या तीन आठवड्यांत घरच्या गाडीवर भरून काढायचे आहेत. रोज अर्धा-पाऊण तास, सुट्टीच्या दिवशी तास, एवढं पुरतं. एका दिवशी तीन तास ओढू नका, दुसऱ्या तासाला डोकं थकतं आणि मग चुकाच मुरतात.

पहिल्या आठवड्यात रस्त्यावर जाऊच नका. मैदान, रॅम्प, बाटल्या. त्यानंतर आतल्या गल्ल्या, सकाळी सहाच्या सुमाराला, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरपर्यंत. शेवटच्या आठवड्यात मात्र संध्याकाळची गर्दी घ्याच, रोज एक सिग्नल असलेला चौक ठरवून. टेस्टच्या आदल्या दिवशी नवीन काही नको.

आता यजमानांविषयी. लर्निंगवर गाडी चालवताना शेजारी त्या प्रकारच्या वाहनाचं पक्कं लायसन असलेला माणूस, गाडी ताब्यात घेता किंवा थांबवता येईल असा बसलेला असावा लागतो, म्हणून त्यांना गाडीतून उतरवता येणार नाही. (दुसरं कुणी शांत माणूस असेल, बहीण, शेजारीण, तर बघा. पुष्कळ संसार मी या एका सल्ल्याने वाचवलेत.) त्यांनाच बसायचं असेल तर अटी घाला. उजवा हात हँडब्रेकच्या जवळ, फोन खिशात. बोलायचं ते आधी: "पुढच्या चौकात डावीकडे" हे चौकाच्या शंभर मीटर आधी, चौकात नाही. "अगं, अगं!" हा शब्द बंद. कारण "अगं" म्हणजे ब्रेक की डावीकडे की उजवीकडे, ते पायाला कळत नाही. चुकीची उजळणी गाडी बाजूला उभी केल्यावर. मागच्या सीटवर मुलं, सासूबाई कुणीही नको.

एल बोर्ड पुढे आणि मागे दोन्हीकडे हवा: पांढऱ्या पाटीवर लाल एल. नियमात १८ सेंटिमीटरचा चौकोन लिहिलाय. लाल टेप चिकटवून केलेला वाकडा एलही लोक चालवतात, पण दुकानात तयार स्टिकर मिळतो, तो घ्या. टेस्टला निघताना लर्निंग, स्लॉटची पावती आणि ओळखपत्र. गाडी तुमची असेल तर आरसी, विमा आणि पीयूसी, तिन्हीच्या तारखा आदल्या आठवड्यातच तपासून. पीयूसी संपलेली निघाली म्हणून परत आलेल्या बायका मी पाहिल्यात, आणि त्या चांगल्या गाडी चालवणाऱ्या होत्या. टेस्टला जातानाही गाडी तुम्ही चालवणार असाल तर लर्निंगचे नियम लागू आहेतच, शेजारी लायसनवाला हवाच. माझं मत विचाराल तर जाताना त्यांना चालवू द्या आणि पोहोचल्यावर जवळच्या शांत रस्त्यावर दहा मिनिटं पाय मोकळा करा.

दुचाकीचं लायसनही याच वेळी काढणार असाल तर एक लक्षात ठेवा. बिनगिअरच्या वर्गाचा अर्ज करून स्कूटरवर टेस्ट दिली, तर लायसन बिनगिअरच्या गाडीचंच मिळतं. पुढे कधी गिअरची मोटरसायकल चालवायची शक्यता असेल तर अर्ज आणि टेस्ट त्याच वर्गाची द्या. हेल्मेट, पाय न टेकता आठ, बाकी तुम्ही वर्षानुवर्षं स्कूटर चालवत असाल तर तिथं मला सांगण्यासारखं फार नाही. चारचाकीच्या लायसनवर मॅन्युअल-ऑटोमॅटिक असा भेद नसतो, त्यामुळे घरची गाडी ऑटोमॅटिक असती तर हे अर्धं उत्तर लागलंच नसतं. पण ऑटोमॅटिकवर शिकून पक्कं झालेल्या बाईने पुढे भावाची गिअरची गाडी थेट रस्त्यावर काढू नये, परत मैदानापासून सुरू करावं.

पास झालात की लायसन डिजीलॉकरमध्ये दिसतं, तेही ग्राह्य असतं, कार्ड पोस्टाने येतं. तुमच्या वयाला ते दहा वर्षांसाठी मिळेल. एल बोर्ड उतरवायची घाई मात्र करू नका. नियमाने गरज नाही, पण पहिले दोन-तीन महिने मागचा स्टिकर राहू दिला तर सिग्नलला मागचा माणूस थोडं अंतर ठेवून थांबतो. पहिला लांबचा प्रवास करायचा झाला तर साताऱ्याच्या बाजूने करा, दिवसाउजेडी, आणि खंबाटकीच्या चढावर ट्रकच्या मागे अडकलात तर ओव्हरटेक करू नका. दुसरा गिअर, थोडं अंतर, आणि ट्रक थांबला की हँडब्रेक. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, नुसता ब्रेक दाबून नाही. तो गरम झाला की पकड सोडतो.